सव्वा इंची स्टीअरर गेला तर स्टिफनेस जातो का? एका जुन्या जायंटचं प्रकरण

मित्राने पुण्यातच एक सेकंडहँड जायंट (या कंपनीची माउंटन सायकल) घेतली. २०१३ ची, २९ इंची चाकं, फुल सस्पेन्शन, पुढे-मागे १०० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर). फ्रेम एकदम टकाटक, मागचा शॉकही ठीक, पण पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा दोन पायांचा चिमटा) पार दमलेला. वेताळ टेकडीवरून उतरताना पुढचा ब्रेक दाबला की फोर्क मागे लचकतोय असं वाटायचं आणि ब्रेक सोडला की टुक करून परत पुढे. स्टँचिअनवर (फोर्कच्या पायांच्या वरच्या गुळगुळीत नळ्या, ज्या खालच्या लोअर्समध्ये सरकतात) बोटाला लागेल असा ओरखडा होता, म्हणजे सील बदलून भागणार नव्हतं, फोर्कच बदलायचा होता.

इथपर्यंत सरळ होतं, खरी गोची पुढे झाली. फोर्क काढला तर स्टीअररचं (फोर्कची वरची नळी, जी फ्रेमच्या पुढच्या नळीतून, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाते) वरचं टोक ३१.८ मिमी, म्हणजे सव्वा इंच, आणि खालचं टोक दीड इंच. हल्लीचे जवळजवळ सगळे टेपर्ड (वर बारीक, खाली जाड स्टीअररचे) फोर्क वर २८.६ मिमी असतात (एक इंच आणि वर एक अष्टमांश, पण २८.६ म्हटलं की दुकानात लगेच कळतं) आणि खाली दीड इंच. जायंटने २०१२ च्या मॉडेलपासून ओव्हरड्राइव्ह २ नावाने ही वरची सव्वा इंची साइज आणली होती, स्टेम (हँडल स्टीअररला जोडणारा भाग) पण त्याच मापाचा लागायचा, आणि सांगणं हे की पुढचा भाग अजून कडक होतो, स्टीअरिंग जास्त अचूक होतं. पुढे काही वर्षांतच माउंटन बाइकवर जायंट परत साध्या टेपर्डवर आली, रोड बाइकवर मात्र सव्वा इंच चालू ठेवलं. त्यामुळे आज या मापाचा माउंटन फोर्क नवा मिळणं जवळपास अशक्य, आणि जुना शोधायचा म्हणजे परत कुणाचातरी दमलेलाच गळ्यात.

मित्राला एका ठिकाणी सांगितलं की हे स्पेशल माप आहे, साधा टेपर्ड लावलास तर पुढचा सगळा स्टिफनेस (ताठपणा) जाईल, फ्रेमची मजाच जाईल. दुसरीकडे कुणीतरी सुचवलं की जुना सव्वा इंची स्टीअररवाला फोर्क मिळाला तर घे आणि भोसरीत लेथवर टर्निंग करून वरचं टोक २८.६ करून घे, म्हणजे स्टेम तरी साधा बसेल. हे दुसरं तर अजिबात करू नका, कारण खाली सांगतो. पहिल्या मुद्द्यावर मात्र त्याने मला फोन केला आणि विचारलं, अरे खरंच एवढा फरक पडतो का स्टीअररने, का उगाच? मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे कागद-पेन घेऊन बसलो, आणि जे निघालं ते असं.

आधी लोड कुठून कुठे जातो ते बघू, कारण सगळं उत्तर तिथेच आहे. ब्रेक मारला किंवा दगडावर चाक आदळलं की जोर चाकाच्या अॅक्सलवर मागच्या दिशेने येतो. अॅक्सलपासून हेडसेटच्या (हेड ट्यूबमधला बेअरिंगचा संच) खालच्या बेअरिंगपर्यंत साधारण ५०० मिमीचा दांडा झाला, १०० मिमी ट्रॅव्हलच्या २९ इंची फोर्कचा. फोर्क फ्रेमला दोनच ठिकाणी टेकलेला असतो, खालचं बेअरिंग आणि वरचं बेअरिंग, मध्ये अंदाजे १०० मिमी अंतर. म्हणजे वाकवणारा जोर खालच्या बेअरिंगपाशी, क्राउनच्या (दोन्ही पाय आणि स्टीअरर जोडणारा तुकडा) लगेच वर, सगळ्यात जास्त, आणि तिथून वर जाताना सरळ रेषेत कमी कमी होत वरच्या बेअरिंगपाशी जवळपास शून्य. हे एकदा डोक्यात बसलं की टेपर्ड स्टीअरर असा का असतो ते आपोआप कळतं, जिथे जोर जास्त तिथे नळी जाड, जिथे जोर नाही तिथे बारीक.

आता नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २८.६ वरून ३८.१ म्हणजे व्यास १.३३ पट, पण भिंतीची जाडी त्याच प्रमाणात धरली तर ताठपणा ३.१५ पट. म्हणून सरळ २८.६ च्या स्टीअररवरून टेपर्डवर गेलं की फरक खरा असतो, तो कुणाच्या मनाचा खेळ नाही. अॅल्युमिनियमचा सरळ स्टीअरर, बाहेरून २८.६ आणि आतून २२ धरला, आणि अॅक्सलवर ३०० न्यूटन म्हणजे साधारण ३० किलोचा जोर मागे ओढला, तर फक्त स्टीअररच्या वाकण्याने अॅक्सल सुमारे १.७ मिमी मागे जातो. टेपर्ड, खाली ३८.१ बाहेरून आणि ३० आतून धरला, वरचे ४० टक्के २८.६ च, तर तोच आकडा ०.६३ मिमी. म्हणजे एक मिलीमीटरचा फायदा. प्रत्यक्ष ब्रेकिंगमध्ये जोर जमिनीवरून येतो, चाकाची त्रिज्याही दांड्यात मिळवावी लागते, त्यामुळे खरे आकडे यापेक्षा मोठे, पण आपल्याला तुलना हवी आहे आणि तुलना तीच राहते.

आणि आता मित्राचा प्रश्न. फक्त वरचं टोक २८.६ ऐवजी ३१.८ केलं तर काय? इथे गंमत बघा. स्टीअररचा एखादा तुकडा अॅक्सलच्या हलण्यात किती भर घालतो हे तिथल्या जोराच्या वर्गावर ठरतं, आणि जोर वरून खाली सरळ रेषेत वाढतो, त्यामुळे बेरीज घनाने होते. वरच्या ४० टक्के लांबीचा वाटा किती, तर ०.४ चा घन, म्हणजे ०.०६४. साडेसहा टक्के सुद्धा नाही! म्हणजे नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी असती तरी जवळपास ९४ टक्के वाकणं खालच्या ६० टक्क्यांतच झालं असतं. वरची नळी त्याच भिंतीची ठेवून ३१.८ केली तर तिचा स्वतःचा ताठपणा १.४ पट होतो, ऐकायला भारी वाटतं, पण अॅक्सलवर आकडा ०.६३ वरून ०.६० होतो. तीन शतांश मिलीमीटर. टेकडीवर कुणालाही, अगदी कुणालाही, हे हातात कळणार नाही.

भिंतीची जाडी मी अंदाजाने धरली आहे, प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि बरेच स्टीअरर क्राउनपाशी आतून जाड केलेले असतात. पण जाडी बदलली तरी वरच्या भागाचा वाटा छोटाच राहतो, कारण तो भूमितीतून येतो.

याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा डाउनहिलच्या (नुसत्या उताराच्या शर्यतीच्या) फोर्कमध्ये आहे. फॉक्स ४० घ्या किंवा रॉकशॉक्सचा बॉक्सर घ्या, २०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल, जगातल्या सगळ्यात भयानक ट्रॅकवर चालणारे फोर्क, आणि त्यांचा स्टीअरर? सरळ २८.६! टेपर्ड पण नाही. कारण त्यांना दोन क्राउन असतात, एक हेड ट्यूबच्या खाली आणि एक वर, स्टँचिअन थेट वरपर्यंत जाऊन दोन्ही क्राउनमध्ये घट्ट पकडलेले, त्यामुळे वाकवणारा जोर स्टँचिअनच उचलतात आणि स्टीअररला फारसं काम उरत नाही. सिंगल क्राउनमध्ये मात्र तो सगळा जोर एका स्टीअररच्या बुडातून जातो. म्हणूनच लांब ट्रॅव्हलचे सिंगल क्राउन फोर्क आले तेव्हा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वरपासून खालपर्यंत दीड इंची सरळ स्टीअरर निघाला, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की वरचा दीड इंच नुसतं वजन आहे, आणि २००८ च्या आसपासपासून टेपर्डने बाजार घेतला. हल्ली जड ई-बाइकसाठी खालचं टोक १.८ इंच केलेले फोर्क येतात, तिथेही वाढवलं ते बूडच जास्त. आणि २०२० मध्ये आलेल्या फॉक्स ३८ ला स्टीअरर बाहेरून गोल पण आतून लंबगोल केलाय, म्हणजे पुढच्या-मागच्या बाजूला धातू जास्त, जिथे वाकण्याचा ताण येतो नेमकं तिथे. डिझाइन करणारे कुठे धातू घालतात ते बघितलं की जोर कुठे आहे ते कळतं.

बरं, हे झालं पुढे-मागे वाकण्याचं. पण ओव्हरड्राइव्ह २ चा मुख्य दावा स्टीअरिंगच्या अचूकपणाचा होता, म्हणजे पिळाचा. हँडल फिरवलं की पीळ स्टेममधून स्टीअररमध्ये, तिथून क्राउनमध्ये, मग पायांतून चाकात. इथे वरच्या टोकाचा वाटा जरा जास्त आहे, कारण पीळ सगळ्या लांबीत सारखाच असतो, वर कमी होत नाही. म्हणून तोही हिशोब केला. ४० न्यूटन-मीटरचा पीळ, हा बऱ्यापैकी जोरदार आहे, आणि वरची बारीक नळी स्टेमसकट ८५ मिमी धरली. २८.६ ला पीळ ०.१८ अंश, ३१.८ ला ०.१२ अंश. फरक ०.०५ अंशाच्या आसपास, म्हणजे ७४० मिमीच्या हँडलच्या टोकाला एक तृतीयांश मिलीमीटर. हातातल्या रबर ग्रिपच यापेक्षा जास्त दबतात. माउंटन बाइकवर पिळाची खरी ढिलाई पायांमध्ये आणि अॅक्सलमध्ये असते, जुना ९ मिमी क्विक रिलीजवाला (बारीक, खाचेत बसणारा अॅक्सल) फोर्क आणि १५ मिमी थ्रू अॅक्सलवाला (जाड, आरपार जाणारा अॅक्सल) फोर्क दगडांतून चालवून बघा, तो फरक डोळे मिटून कळतो. रोड बाइकवर गोष्ट थोडी वेगळी, तिथे सस्पेन्शन नाही, पाय म्हणजे एकसंध कार्बन, आणि स्प्रिंटला उभं राहून हँडल जोरात खेचतात, त्यामुळे वरच्या टोकाला तिथे जरा तरी अर्थ आहे, आणि जायंटने ते तिथेच ठेवलं हे मला तरी पटतं.

आता स्टीअरर सोडून बाकीचा फोर्क. मित्राच्या जुन्या फोर्कचे स्टँचिअन ३२ मिमीचे. त्याच ३०० न्यूटनला दोन स्टँचिअनच्या वाकण्याने अॅक्सल अंदाजे २.९ मिमी जातो (भिंत २ मिमी धरून). लांबी तीच ठेवून ३४ मिमीचे स्टँचिअन घेतले तर २.४ मिमी. म्हणजे नुसतं ३२ चं ३४ केलं की अर्धा मिलीमीटर मिळाला, आणि तो वरच्या सव्वा इंची टोकाने दिलेल्या ०.०३ च्या कितीतरी पट. पैसे कुठे टाकायचे याचं उत्तर इथेच मिळालं.

पण मग मित्राला टेकडीवर जे जाणवत होतं, तो लचका आणि टुक आवाज, ते काय होतं? सव्वा इंची स्टीअरर असूनही होतंच ना. म्हणून फोर्क काढायच्या आधी जे तपासलं होतं ते सविस्तर लिहितो, कारण निम्म्या लोकांची "फोर्क फ्लेक्स होतो" ही तक्रार इथेच मिटते. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या वरच्या कप आणि फ्रेमच्या फटीवर ठेवायची आणि बाइक पुढे-मागे ढकलायची. बोटाखाली सरकल्यासारखं वाटलं तर हेडसेट सैल. मग तीच बोटं खालच्या बेअरिंगपाशी, क्राउन आणि हेड ट्यूबच्या मध्ये. मग स्टँचिअन जिथे लोअर्समध्ये शिरतो त्या सीलवर. आणि चाक ९० अंशात वळवून परत, म्हणजे ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये हलतायत का हे वेगळं कळतं, नाहीतर पॅडचा खडखडाट हेडसेटच्या नावावर जातो. मित्राच्या बाइकला वरचं बेअरिंग ठीक होतं, खालचं पावसाळ्याच्या चिखलाने खाऊन खडबडीत झालेलं, फिरवलं की वाळू घातल्यासारखं, आणि सीलवर बोट ठेवलं तर स्पष्ट हलत होतं. म्हणजे बुशिंग (लोअर्सच्या आतल्या कड्या, ज्यांत स्टँचिअन सरकतो) गेलेल्या. बुशिंगमध्ये ०.२ मिमी मोकळीक आली आणि दोन बुशिंगमध्ये १०० मिमी अंतर असेल तर २५० मिमी खाली अॅक्सलवर अर्धा मिलीमीटर खेळ, तोही नुसता खुळखुळा, स्प्रिंगसारखा वाकून परत येणारा नाही. तो टुक तिथून येत होता. स्टीअररचा काही संबंध नव्हता.

आता लेथबद्दल. सव्वा इंची स्टीअररची भिंत साधारण ३.३ मिमी धरा. ३१.८ वरून २८.६ म्हणजे सगळीकडून १.६ मिमी कापलं, भिंत निम्मी राहिली, आणि जिथे कापणं थांबतं तिथे एक पायरी तयार झाली. अॅल्युमिनियमला अशा पायरीवरच तडा सुरू होतो, आणि तो आत हेड ट्यूबमध्ये लपलेला असतो, दिसत नाही. स्टिफनेस एक वेळ गेला तर गेला, स्टीअरर तुटला तर हँडल हातात येतं आणि तोंड दगडावर. भोसरीतला टर्नर काम अप्रतिम करेल यात शंका नाही, पण ही वस्तू टर्निंगला देण्यातली नाही.

आणि एक, आपल्याकडे खूप जणांकडे स्वस्त फोर्क असतो, स्टीलचा सरळ स्टीअरर, आणि तो "लोखंडी" म्हणून कमी समजला जातो. स्टील अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. २८.६ बाहेरून आणि २५.४ आतून असा स्टीलचा सरळ स्टीअरर वर धरलेल्या अॅल्युमिनियमच्या सरळ स्टीअररपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ निघतो, भिंत निम्मी असूनही. जड आहे हे खरं. पण अशा फोर्कची ढिलाई शोधायची असेल तर स्टीअररला दोष देण्याआधी त्याचे बारीक स्टँचिअन, प्लॅस्टिकच्या बुशिंग आणि क्विक रिलीज बघा.

तर मित्राला सल्ला काय दिला. साधा टेपर्ड घे, वर २८.६, खाली दीड, डोळे झाकून. फ्रेमची हेड ट्यूब रुंद आहे, डाउन ट्यूबला (फ्रेमची खालची तिरकी नळी) त्यामुळे मोठा जोड मिळालाय, तो फायदा फोर्क बदलला तरी फ्रेममध्येच राहतो. फक्त वरच्या बेअरिंगसाठी रिड्यूसर कॉम्प्रेशन रिंग लागते, बाहेरून सव्वा इंची बेअरिंगला बसणारी आणि आतून २८.६ ची, ती बाहेरून मागवावी लागली आणि तिची वाट बघण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. स्टेम जुना ठेवायचा असेल तर ३१.८ ते २८.६ शिम (मधली फट भरणारी पातळ कडी) मिळते, चालते, पण त्याला तसाही आखूड स्टेम हवा होता, म्हणून नवा साधा स्टेम घेतला आणि शिमची भानगडच नको म्हटलं.

फोर्क ३४ मिमी स्टँचिअनचा, १२० मिमी ट्रॅव्हलचा घेतला. २० मिमी वाढल्याने हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) साधारण एक अंशाने कललाय, त्याला उतारावर ते आवडलं, चढावर पुढचं चाक थोडं भटकतं असं म्हणतो. नवीन फोर्क बूस्ट होता, म्हणजे ११० मिमी रुंदीच्या हबसाठीचा, जुना हब १०० मिमीचा, म्हणून अडॅप्टर किट लागलं, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी आणि डिस्कखाली स्पेसर. हे फोर्क घ्यायच्या आधी बघा, नाहीतर फोर्क घरी येतो आणि चाक बसत नाही.

पहिल्याच राइडला ब्रेकखालचा तो लचका गेला, टुक गेलं. आता यातलं किती नव्या बुशिंगचं, किती नव्या बेअरिंगचं आणि किती ३४ च्या स्टँचिअनचं, ते वरच्या आकड्यांवरून तुम्हीच लावा. वरचं टोक बारीक झाल्याचं त्याला कुठेही जाणवलेलं नाही, आणि तो पठ्ठ्या टायरमध्ये दोन पीएसआय कमी असले तरी ओळखतो.

एक गोष्ट मात्र पुढे लक्ष ठेवण्यासारखी आहे. सिंगल क्राउन फोर्कमध्ये स्टीअरर क्राउनमध्ये दाबून बसवलेला असतो, आणि वापराने त्या जोडातून करकर आवाज यायला लागतो, हा महागड्या फोर्कमध्येही येणारा त्रास आहे. ब्रेक दाबून हँडलवर जोर दिला की क्राउनमधून करकर येते, हेडसेट कितीही ग्रीस केला तरी जात नाही, आणि लोक बेअरिंग बदलत बसतात. तसं झालं तर वॉरंटीत क्राउन-स्टीअरर असेंब्ली बदलून घ्यायची, म्हणून बिल जपून ठेवायला सांगितलंय. आणि स्टीअरर कापताना त्याने वर स्पेसर ठेवून कापला, स्टेम आणि स्पेसरच्या वरच्या कडेपेक्षा तीनेक मिमी खाली, म्हणजे टॉप कॅपला दाबायला जागा राहते आणि उद्या हँडल वर घ्यावंसं वाटलं तर स्टीअररमध्ये लांबी शिल्लक आहे.